32 फ्लॅट, 19 जागा

आमची इमारत कोथरूडमधली, नव्वदच्या दशकात बांधलेली. दोन विंग, वर चार मजले, खाली स्टिल्ट, म्हणजे खांबांमधली गाड्या लावायची उघडी जागा, आणि कंपाउंडच्या भिंतीलगत मोकळी पट्टी. बांधली तेव्हा बहुतेक घरांत एखादी स्कूटर नाहीतर लूना असायची. चारचाकी घेणं ही पेढे वाटायची बातमी होती. आता 32 फ्लॅटपैकी 27 घरांत चारचाकी आहे, काहींकडे दोन आहेत आणि दुचाकी तर माणशी एक. जागा मात्र तेव्हा होती तेवढीच आहे.

मागच्या वार्षिक सभेत मी सचिव झाले, तेव्हा पार्किंगचा विषय हातात घ्यायचा असं ठरवूनच झाले. या एका विषयावरून वर्षानुवर्षं एकमेकांच्या घरी फराळाचं ताट पाठवणारी माणसं जिन्यात तोंड फिरवायला लागली होती, आणि ते मला बघवत नव्हतं. जुन्या रहिवाशांच्या जागा ठरलेल्या. रिसेलने फ्लॅट घेऊन आलेल्या कुटुंबांना मात्र पहिल्याच दिवशी वॉचमन सांगायचा, "साहेब, इथं नाही, ही अमक्यांची आहे." तेही तितकाच मेन्टेनन्स भरतात, तितकेच सभासद आहेत, पण त्यांच्या गाड्या रात्रभर रस्त्यावर.

सुरुवात कागदांपासून केली. कपाटातल्या फायली काढल्या आणि ज्यांच्या जागा ठरलेल्या होत्या त्यांना विचारलं की तुमच्याकडे काय आहे ते दाखवा. बहुतेकांनी एकाच नमुन्याची पावती आणून दिली. साध्या कागदावर टाइप केलेली, बिल्डरची सही, "पार्किंगपोटी रुपये 35,000 मिळाले". कुणाची 30,000 ची, कुणाची 40,000 ची. नोंदणी केलेल्या करारनाम्यात मात्र पार्किंगचा उल्लेख एकाच्याही नव्हता. काहींकडे पावतीही नव्हती, नुसता खांबावर पिवळ्या रंगात घातलेला फ्लॅटचा नंबर. तिघांकडे दोन-दोन जागा होत्या.

कायदा काय म्हणतो हे मी आधी वाचून काढलं. आमच्यासारख्या जुन्या इमारतींना 1963 चा महाराष्ट्र ओनरशिप फ्लॅट्स कायदा लागू आहे, ज्याला सगळे मोफा म्हणतात. त्याच कायद्याखाली दहिसरच्या पांचाली सोसायटीचं प्रकरण थेट सर्वोच्च न्यायालयापर्यंत गेलं होतं. तिथे 56 फ्लॅट आणि स्टिल्टमध्ये 25 जागा. बिल्डर कंपनी नहालचंद लालूचंद हिचं म्हणणं असं की त्या 25 जागा आमच्या, आम्ही त्या कुणालाही विकू. 31 ऑगस्ट 2010 ला सर्वोच्च न्यायालयाने ते म्हणणं फेटाळलं. खांबांमधली उघडी जागा म्हणजे गॅरेज नव्हे, ती इमारतीच्या सामाईक जागेचा भाग आहे आणि बिल्डरला ती वेगळी विकण्याचा हक्क नाही, असा तो निकाल. नंतर आलेल्या रेरा या स्थावर मालमत्ता कायद्यातही मोकळं पार्किंग सामाईक क्षेत्रातच धरलंय. ज्याला छप्पर आणि तीन बाजूंनी भिंती आहेत तेच गॅरेज.

निकाल वाचून समजणं सोपं आहे. तो शेजारच्या काकूंना सांगणं फार अवघड आहे.

तळमजल्याच्या वरच राहणाऱ्या या काकू निवृत्त शिक्षिका. काका गेल्यावर त्यांनी गाडी विकली. जागा त्यांनी चौकातल्या एका दुकानदाराला महिन्याला दीड हजारावर दिली होती. त्यांच्या घरी मी पावती बघायला गेले, तेव्हा त्यांनी ती देवघराच्या खणातून काढली, प्लास्टिकच्या पिशवीत नीट जपून ठेवलेली.

"अगं, मी पैसे मोजलेत याचे," त्या म्हणाल्या. "तेव्हा पस्तीस हजार म्हणजे काय होते तुला कल्पना आहे का? यांनी पतपेढीतून कर्ज काढलं होतं."

"काकू, पैसे गेले हे खरंच आहे. पण ज्याने ते घेतले त्याला ही जागा विकायचा हक्कच नव्हता."

"मग इतकी वर्षं कुणी बोललं का नाही?"

त्याला माझ्याकडे उत्तर नव्हतं, आजही नाही. ही चूक त्यांची नव्हतीच. ज्याने कोऱ्या कागदावर सही करून पैसे घेतले तो केव्हाच धंदा आवरून मोकळा झाला. फसवणूक झाली ती दोघांची, ज्यांनी पैसे दिले त्यांची आणि ज्यांना नंतर जागाच उरली नाही त्यांचीही. पार्किंगची भांडणं बघताना हे कायम लक्षात ठेवावं असं मला मनापासून वाटतं. आपण भांडतो शेजाऱ्याशी, आणि गुंता करून ठेवलेला असतो तिसऱ्यानेच.

उठता उठता काकू म्हणाल्या, "काढायच्या तर सगळ्यांच्या जागा काढा. अध्यक्षांचीही काढा. माझी एकटीची बाई म्हणून काढायला आलात तर मी सोडणार नाही." पुढे आम्ही जो ठराव केला, त्याचा पाया हे वाक्य आहे. तोपर्यंत कमिटीत बोलणं चाललं होतं ते फक्त ज्यांच्याकडे गाडी नाही किंवा ज्यांच्याकडे दोन जागा आहेत त्यांच्याकडून काढून घेण्याचं. बाकीच्यांना हात लावायचा नाही, म्हणजे वाद कमी होईल, असा विचार. काकूंचं बोलणं मी कमिटीला सांगितलं आणि अध्यक्षांनी दुसऱ्याच दिवशी आपली जागा सोडत असल्याचं लिहून दिलं. त्यानंतर बोलण्याचा सूरच बदलला.

आता नेमक्या जागा किती? खांबांवर आकडे होते 23. महापालिकेने मंजूर केलेला नकाशा आमच्याकडे नव्हता, बिल्डरने तो कधी दिलाच नव्हता. माहितीच्या अधिकाराखाली बांधकाम परवानगी विभागाच्या जन माहिती अधिकाऱ्यांकडे अर्ज केला. अर्जावर दहा रुपयांचं कोर्ट फी तिकीट, इमारतीचा सर्व्हे नंबर आणि भोगवटा पत्राचा क्रमांक. उत्तर देण्याची मुदत 30 दिवसांची असते. नकलेचे पैसे भरायचं पत्र आलं, ते भरले आणि नकाशा मिळाला. ज्या सोसायटीकडे मंजूर नकाशा नाही तिने पार्किंगच्या वादात उतरण्याआधी हे काम करावं. नकाशा समोर असला की "मला वाटतं" आणि "आमच्या वेळी असं होतं" ही दोन्ही बोलणी आपोआप थांबतात.

मग टेप घेऊन खाली उतरलो. तिसऱ्या मजल्यावरचे एक दादा सिव्हिल इंजिनिअर, त्यांनी मोजणी अंगावर घेतली. डिसेंबर 2020 मध्ये आलेल्या राज्याच्या एकात्मिक विकास नियंत्रण नियमावलीत गाडीसाठी अडीच मीटर बाय पाच मीटर आणि दुचाकीसाठी एक बाय दोन मीटर असं माप आहे. आमची इमारत जुन्या नियमांतली, पण मोजायला काहीतरी मान्य माप हवं म्हणून तेच धरलं. दोन खांबांमध्ये साडेसहा मीटर निघाले. बिल्डरने तिथे तीन गाड्यांचे आकडे घातले होते, म्हणजे एका गाडीला सव्वादोन मीटरही नाहीत. आजच्या गाड्या आरसे सोडूनच पावणेदोन मीटरच्या आसपास रुंद असतात. दार उघडून माणूस उतरणार कुठून? इतकी वर्षं तिथे दोन खांबांमधली मधली गाडी काढायची म्हणजे शेजारच्या दोघांना हाक मारायची, हाच शिरस्ता होता.

दोन जागा तर असायलाच नको होत्या. एक मीटर रूमच्या दारासमोर. वीज कंपनीचा माणूस आला की गाडी हलवा. दुसरी पाण्याच्या जमिनीखालच्या टाकीच्या झाकणावर. त्या जागेचे मालक परदेशी, गाडी कव्हर टाकून वर्षानुवर्षं उभी, चारही टायर बसलेले, किल्ली त्यांच्या नाशिकच्या भावाकडे. त्या गाडीपायी टाकी धुवायचं काम कितीतरी वेळा पुढे गेलं. 32 घरांचं पिण्याचं पाणी आणि त्याच्या झाकणावर एक बंद गाडी. नकाशात त्या ठिकाणी पार्किंग दाखवलेलंच नव्हतं. मोजणीअंती गाडीच्या जागा निघाल्या 19, आणि दुचाकींसाठी एक सलग पट्टी.

सहकारी गृहनिर्माण संस्थांच्या आदर्श उपविधींत, म्हणजे सोसायट्यांच्या नमुना नियमावलीत, पार्किंगचा भाग 78 पासून पुढे आहे. प्रत्येक सभासदाने तो एकदा तरी वाचावा, कारण आपण ज्यावर भांडतो त्यातलं बरंचसं तिथे आधीच लिहून ठेवलेलं आहे. ज्याच्याकडे वाहन आहे तोच सभासद जागेला पात्र. साधारणपणे एका सभासदाला एकच जागा. जागा उरल्या तरच दुसरी, तीही वर्षापुरती आणि ज्याला एकही मिळालेली नाही असा कुणी मागणारा नसेल तर. गाडी सभासदाची स्वतःची हवी, किंवा त्याला नोकरीत मिळालेली, किंवा तो ज्या फर्मचा भागीदार वा कंपनीचा संचालक आहे तिची. मिळालेली जागा सभासदाला विकता येत नाही, दुसऱ्याच्या नावे करता येत नाही. पात्र सभासद जास्त आणि जागा कमी असल्या तर दरवर्षी चिठ्ठ्या टाकून वाटप. शुल्क सर्वसाधारण सभा ठरवणार आणि जागा मिळाली की गाडी लावा न लावा, ते भरायचं.

विशेष सर्वसाधारण सभेला पाच पूर्ण दिवसांची नोटीस पुरते. आम्ही त्याहून बरीच आधी दिली आणि सोबत नकाशाची प्रत, मोजणीचा तक्ता आणि उपविधींची पानं जोडली. गणपूर्तीला दोन-तृतीयांश किंवा 20 यांतला कमी आकडा लागतो, म्हणजे आम्हाला 20. आले 29. इतकी गर्दी आमच्या गच्चीवर एरवी फक्त कोजागिरीला होते.

सभा लांबली. एका सभासदाने ठामपणे सांगितलं की मी पैसे भरले आहेत, मी न्यायालयात जाईन. त्यांना पूर्ण बोलू दिलं आणि त्यांचा विरोध त्यांच्याच शब्दांत इतिवृत्तात घेतला. काकूंनीही विरोध नोंदवला, पण मतदानाच्या वेळी हात वर केला नाही, ना बाजूने ना विरुद्ध. वाद झाले ते तपशिलांवर. गाडी जावयाच्या नावावर, पण वापरतो सासरा, ती चालेल का? नाही, कारण जावई सभासद नाही. आरसीची पंधरा वर्षांची मुदत संपलेली आणि नूतनीकरण न केलेली गाडी? तीही नाही. भाडेकरूची गाडी? त्यावर सभेने ठरवलं की घरमालकाने स्वतः जागा मागितली नसेल तर त्याच्या फ्लॅटच्या नावाने भाडेकरूच्या गाडीसाठी अर्ज घ्यायचा, नोंदणी केलेला भाडेकरार दाखवून. भाडेकरूही इथेच राहतात, त्यांची लहान मुलंही याच आवारात खेळतात. त्यांना रस्त्यावर ढकलून आपण आत बसायचं हे मला पटत नव्हतं, आणि बहुतेकांनाही पटलं नाही.

बी विंगमध्ये एक दादा व्हीलचेअरवर आहेत. लिफ्टजवळची रुंद जागा त्यांना सोडतीबाहेर कायम द्यावी, हा ठराव एकमताने झाला. त्या संध्याकाळचा तो एकमेव एकमताचा ठराव.

दर ठरले. स्टिल्टमध्ये महिना 300, उघड्यावर 200, दुचाकीला 50. बाहेरच्या माणसाला जागा देण्याला पूर्ण बंदी. काकूंचे महिन्याचे दीड हजार यात गेले. सभेनंतर कुणीतरी सुचवलं की त्यांना सोसायटीने काही वर्षं ही रक्कम द्यावी. मी स्वतः त्याच्या बाजूने होते, पण काकूंनीच नको म्हटलं. "मला सोसायटीचे पैसे नकोत. फक्त माझी पावती खोटी होती असं कुणी म्हणू नका," एवढंच त्यांनी सांगितलं. इतिवृत्तात ते वाक्य घातलं आहे: मूळ सभासदांनी पैसे सद्भावनेने दिले होते.

अर्ज आले 27. आरसी बुक तपासून दोन बाद झाले. व्हीलचेअरवाले दादा वगळता 24 जण आणि 18 जागा. रविवारी सकाळी स्टिल्टमध्येच सतरंजी टाकली, दोन स्टीलचे डबे ठेवले. एकात फ्लॅटच्या चिठ्ठ्या, एकात जागांच्या, त्यातल्या सहा कोऱ्या. चिठ्ठ्या सगळ्यांसमोर लिहिल्या, घडी घातली, ज्यांना हव्या त्यांनी मोजून घेतल्या. ए विंगमधल्या दोन छोट्या मुली दोन डब्यांतून चिठ्ठ्या काढत होत्या आणि त्या मोठ्याने वाचून दाखवल्या जात होत्या. सगळं मोबाइलवर चित्रित केलं. अध्यक्षांची चिठ्ठी कोरी निघाली. त्यांनी ती सगळ्यांना दाखवली आणि तिथेच यादीवर सही केली.

न्यायालयात जाईन म्हणणाऱ्या सभासदांनी सहकार खात्याच्या उपनिबंधक कार्यालयात तक्रार केली. आमच्याकडे खुलासा मागणारं पत्र आलं. नोटीस, हजेरी, इतिवृत्त, नकाशा, मोजणी, अर्ज, सोडतीची यादी असा सगळा संच क्रमाने लावून दिला. हा वाद सहकार कायद्याच्या कलम 91 खाली सहकार न्यायालयात नेण्याचा आहे, असं कार्यालयाने त्यांना कळवलं. ते अजून तरी गेलेले नाहीत. मात्र त्यांनी सोडतीत मिळालेली जागा घेतली आणि शुल्कही भरतात. जिन्यात भेटले की आम्ही बोलतो.

उरलेल्या सहा गाड्या रस्त्यावर आहेत, आणि तिथले नियम वेगळे. आमच्या गल्लीत सम-विषम पार्किंग आहे. पी-1 पाटीच्या बाजूला विषम तारखांना, पी-2 च्या बाजूला सम तारखांना. तारीख चुकली की नो पार्किंग. पहिल्यांदा 500, पुन्हा सापडलं की 1500, आणि गाडी उचलून नेली तर त्याचे पैसे वेगळे. महिन्याची 31 आणि पुढची 1, दोन्ही विषम. त्या दिवशी गाडी हलवायची नसते, हे नव्या माणसाला कुणीतरी सांगावं लागतं. आम्ही ते लिफ्टशेजारच्या फलकावर लिहून ठेवलंय.

आमच्या गेटबाहेर सोसायटीने पूर्वी सिमेंटच्या कुंड्या आणि आपलीच रंगवलेली "नो पार्किंग" पाटी लावली होती. पुण्यात हे जागोजागी दिसतं. पण रस्ता महापालिकेचा, आणि तिथे गाडी लावू द्यायची की नाही हे ठरवण्याचा अधिकार वाहतूक पोलिसांचा. सोसायटीला तो नाही. आपल्या आवारात बिल्डरने केलं ते चुकीचं म्हणायचं आणि गेटबाहेर आपण तेच करायचं, हे बरोबर नाही, असं मी कमिटीत मांडलं. कुंड्या आत घेतल्या. गाड्या आत-बाहेर करताना खरोखर अडचण होते, म्हणून गेटच्या दोन्ही अंगांना काही मीटर नो पार्किंग मिळावं असा रीतसर अर्ज वाहतूक शाखेला दिला, फोटो आणि कच्चा नकाशा जोडून. पाहणी झाली आहे. असा आदेश काढण्याआधी नागरिकांच्या हरकती-सूचना मागवतात, त्या पायरीची आम्ही वाट बघतोय.

2018 मध्ये महापालिकेने रस्त्यावरच्या पार्किंगला शुल्क लावण्याचं धोरण मंजूर केलं, तेव्हा शहरभर विरोध झाला आणि आधी मोजक्या पाच रस्त्यांवर करून बघायचं ठरलं. आमच्याकडेही त्या वेळी बहुतेकांचा विरोधच होता. आता आपल्याच आवारातली जागा टेपने मोजून झाल्यावर माझं मत पक्कं झालंय. पाच मीटर बाय अडीच मीटर म्हणजे साडेबारा चौरस मीटर, कोथरूडमध्ये एका खोलीची जागा. ती रात्रंदिवस फुकट वापरायची आणि पायी चालणाऱ्याने गाड्यांच्या मधून वाट काढायची, याला माझा पाठिंबा नाही. सहापैकी दोघांशी यावर माझा वाद चालू असतो आणि त्यांचा रागही मला समजतो. आत जागा नाही म्हणून ते बाहेर आहेत. म्हणूनच सभेने ठरवलंय की यंदा ज्यांची चिठ्ठी कोरी निघाली, त्यांना पुढच्या सोडतीत आधी जागा मिळेल आणि उरलेल्या जागांसाठीच बाकीच्यांच्या चिठ्ठ्या पडतील.

विजेवर चालणारी गाडी घेतलेल्या दोघांचा प्रश्न मात्र यातून नवा उभा राहिला. जागा दरवर्षी बदलणार, मग चार्जिंगचा पॉइंट कुठे बसवायचा? सध्या मोकळ्या पट्टीच्या टोकाला एक सामाईक पॉइंट आहे, वेगळ्या मीटरवर. गाडी चार्ज करायची आणि आपल्या जागेवर परत न्यायची. तिसरी गाडी आली की वेळापत्रक करावं लागेल.

आता इमारतीच्या पुनर्विकासाचं बोलणं सुरू झालंय. आलेल्या प्रत्येक प्रस्तावात "प्रत्येक फ्लॅटला एक पार्किंग" अशी ओळ ठळक अक्षरात आहे. एप्रिल 2024 मध्ये महारेराने, म्हणजे रेरा कायद्याखालच्या राज्याच्या प्राधिकरणाने, पार्किंगचा तपशील करारात कसा लिहायचा ते ठरवून दिलं: जागेचा क्रमांक, लांबी, रुंदी, उंची. आमच्या कमिटीने सगळ्या विकासकांना तेच मागितलंय, नकाशावर खुणेसह. दोन प्रस्तावांत निम्म्या जागा यांत्रिक आहेत, एकावर एक गाडी उचलून ठेवणाऱ्या. त्यावर विचारलंय की वरच्या थराची उंची किती, लिफ्ट बंद पडली तर दुरुस्ती किती तासांत, आणि देखभालीचा खर्च किती वर्षं तुमचा. एकाचं उत्तर आलंय, त्यात उंचीचा आकडा नाही. त्यांना पुन्हा पत्र पाठवलंय.